उद्या सकाळी औषध

इनासबाबा होते तोवर त्यांच्या आंब्याच्या वाडीत औषध मारायचं म्हणजे आदल्या दिवशी सगळ्या आळीला कळायचं. म्हातारा संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि घसा साफ करून ओरडायचा, "रुक्मिणे, उंद्या झारांना औषद हाय गो! कापरं घरान घे, पान्यावर झाकन ठेव!" दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत, वारा पडलेला असताना, पाठीवरच्या पंपानं आंब्याच्या मोहोरावर औषध मारून तो मोकळा होई. गोराईत उन्हं चढली की समुद्राकडून वारा सुटतो. वाडी समुद्राच्या अंगाला आणि रुक्मिणीचं घर तिच्या अलीकडे, कुंपणाला लागून. उशीर झाला की झाडावरचं औषध सरळ तिच्या दारात यायचं. म्हाताऱ्यानं उशीर कधी केला नाही. तो गेला आणि ते ओरडणंही गेलं.

मुलगे सगळे परदेशात. त्यांनी मोहोर पाहूनच आंब्याची फळं जुहूच्या एका माणसाला मक्त्यानं देऊन टाकली. त्या माणसाला आळीत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या वतीनं वाडी बघायला चैतन्य नावाचा सांगलीकडचा तरुण मोटरसायकलवरून यायचा. पाठीवरचा पंप आता गेला. टेम्पोवर टाकी, टाकीला इंजिन, इंजिनाला लांबलचक पाइप, आणि पाइप धरून दोन माणसं झाडाच्या शेंड्यापर्यंत फवारा उडवायची. ही माणसं आणखी चार वाड्या करून यायची, तेव्हा ती येतील तीच त्यांची वेळ.

पौषातल्या पहिल्याच फवारणीत रुक्मिणीच्या परसातल्या लाल माठाच्या भाजीवर पांढरे ठिपके पडले. तिनं पानं तीन पाण्यांतून धुतली, जुड्या बांधल्या, बोटीनं खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात नेल्या. वर्षानुवर्षं तिच्याकडून भाजी घेणाऱ्या एका बाईनं जुडी उचलून नाकाशी नेली आणि परत ठेवली. "रुक्मिणीबाई, औषधाचा वास येतोय हो," ती म्हणाली. शेजारच्या दोघी भाजीवाल्यांनी वळून पाहिलं. रुक्मिणीला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं भाजी तशीच परत आणली आणि परसात खड्डा करून पुरली. नवऱ्यानं, शिवदासनं, काही विचारलं नाही. त्याला दमा होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. बोलून दम घालवण्याजोगं काय आणि काय नाही हे तो हल्ली फार जपून ठरवायचा.

भाजीचं दुःख एरवी तिनं चार दिवस उगाळलं असतं. पण या वर्षी तिचं चित्त भाजीत नव्हतंच. नीलम येणार होती.

नीलम ही त्यांची एकुलती एक. दिंडोशीला दिली होती, त्यांच्यासारख्याच मूळच्या कणकवलीकडच्या माणसांत. दिंडोशी काही लांब नाही. पण दोन खोल्यांत पाच माणसं, नीलमची दुकानातली नोकरी, सासूचे गुडघे, यांतून तिला खाडी ओलांडायला सवड म्हणून होत नसे. आली तरी दुपारी यायची आणि उन्हं कलली की बोट गाठायची. मागच्या वर्षी तिचं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हाही ती माहेरी आली नाही. फोनवर नुसती रडली आणि रुक्मिणीनं इकडे भिंतीला टेकून ऐकलं. आता पुन्हा दिवस राहिले होते, सातवा लागला होता, ओटीभरण झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हणजे तीन-चार महिने लेक आपल्या घरात, आपल्या हातचं खाणार, आपल्या समोर झोपणार. रुक्मिणीनं आतली खोली शेणानं नाही तर फरशीपुसण्यानं का होईना, इतक्या वेळा पुसली की शिवदास म्हणाला, "गो, फरशी झिजतली."

तिनं चैतन्यला कुंपणाशी गाठलं.

"बाबा रे, माझा चेडू येतला बाळंतपणाक. तुझ्या औषधाचा आदी सांगत जा. इनासबाबा सांगायचो."

"काकी, नक्की. काकांच्या मोबाइलवर मेसेज टाकत जाईन ना आदल्या दिवशी." पोरगा मनानं वाईट नव्हता. बोरिवलीच्या सरकारी दवाखान्यात त्याचा मावसभाऊ कामाला होता. तिथं शिवदासच्या गोळ्या निम्म्या वेळा संपलेल्या असत. साठा आला की भाऊ चैतन्यला सांगे आणि चैतन्य शिवदासला मेसेज टाके, 'काका औषध आलंय, उद्या सकाळी जा.' त्यामुळे शिवदासचे कित्येक हेलपाटे वाचले होते आणि रुक्मिणीच्या मनात त्याच्याविषयी माया होती.

नीलमला सोडायला जावई आला, नितेश. हातात बॅग, पण ती खाली ठेवायला तयार नाही. दारात उभा राहून वाडीकडे बघत म्हणाला, "आई, ते फवारणीचं काय? हिनं सांगितलं मला, भाजी टाकून दिलीत तुम्ही."

"आदी सांगतले आमका. त्या दिवशी मी हिका घेवन दिवसभर बोरिवलीक जातलंय, माझ्या बहिणीकडे."

"बघा हां. माझी आई तर पाठवायलाच तयार नव्हती. एकदा जरी ते घरात आलं ना, मी घेऊन जाणार हिला. मग राग मानू नका."

"नाय मानूचंय," रुक्मिणी म्हणाली. त्या घडीला तिनं कशालाही हो म्हटलं असतं.

ते दिवस तिला फार सुखाचे गेले. सकाळी उठून ती आधी आतल्या खोलीत डोकावायची. नीलम कुशीवर झोपलेली, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशीच. मग रुक्मिणी उगाचच भांडी हळू घासायची. नीलमला सुकटीच्या चटणीचे डोहाळे लागले होते; सासरी दोन खोल्यांत वास भरून राहतो म्हणून तिनं महिनोन् महिने ती खाल्ली नव्हती. इथं ती तांदळाच्या भाकरीवर चटणी घेऊन चुलीपाशीच बसायची.

"आई, तिकडे ना मला नीट भूकच लागत नाही," एकदा ती म्हणाली. "इथं बघ, कशी हादडतेय मी."

"खा गो. कोण मोजता?"

"सवा महिना झाल्याशिवाय मी काही जाणार नाही. नितेशला सांगून ठेवलंय."

रुक्मिणी भाकरी थापत होती. थापता थापता तिनं मान खाली घातली, कारण तिचं तोंड आनंदानं कसंतरीच झालं होतं आणि ते लेकीनं बघावं असं तिला वाटेना.

मग एका संध्याकाळी मेसेज आला. शिवदासनं फोन लांब धरून, चष्म्याच्या खालून, अक्षर अक्षर वाचला. "चैतन्याचो हा. 'काका, उद्या सकाळी औषध आहे. लवकर आटपा.'"

"बरा झाला," रुक्मिणी म्हणाली. "तुमच्यो गोळ्यो संपतच इल्यो. सकाळच्या बोटीनंच जावया. माका पण मेथी नेवची हा."

झालं. एवढंच बोलणं झालं. नीलम तिथंच बसून आईच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्याला टाके घालत होती, तिनंही ऐकलं. तिघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी निघताना रुक्मिणी लेकीला म्हणाली, "पायांक सूज इली हा तुझ्या. उन्हा इली की अंगणात खुर्ची घेवन बस जरा. मी दुपारपर्यंत येतंय."

बाजारात मेथी बरी जात होती. शिवदास दवाखान्याकडे गेला होता, तो नेहमीपेक्षा लवकर परत आला. छाती वर-खाली होत होती. पोत्यावर टेकून त्यानं दम घेतला.

"साठो इलोच नाय. खिडकीतली बाई माझ्यावरच डाफारली. म्हणता, कोणी सांगितलं तुम्हाला? शनिवारी या."

"असा कसा? चैतन्यान तर सांगल्यान ना, उद्या सकाळी औषध..."

रुक्मिणी बोलता बोलता थांबली. गिऱ्हाईक समोर सुट्टे पैसे घेऊन उभं होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मगे खयचा औषध?" ती म्हणाली, आणि म्हणेपर्यंत तिला कळलं. मेथीची जुडी कुणाच्या पायाशी पडली ती तिनं पाहिली नाही. "फोन लाव! नीलमक फोन लाव!" असं नवऱ्याला ती जन्मात पहिल्यांदा अरेतुरे करून ओरडली.

फोन वाजत राहिला. घरात, दुपट्याशेजारी वाजत होता. नीलम अंगणात होती.

रिक्षा, मग धक्का. बोट पलीकडे गेलेली, ती येईपर्यंत उभं राहायचं. वारा समुद्राकडून सुटलेला, तिचा पदर बोरिवलीच्या दिशेनं फडफडत होता. हाच वारा वाडीतून सरळ तिच्या दारात जात होता. बोटीत ती बसलीच नाही. बोटवाला म्हणाला, "मावशे, बस गो खाली, पडशील," तरी ती उभी.

अंगणात खुर्ची आडवी पडली होती. नीलम मोरीत बसली होती, ओकत होती. डोळे लालभडक, तोंडातून लाळ, केस ओले.

"आई, मला वाटलं झाडांना पाणी मारतायत," ती म्हणाली. "गार गार वाटत होतं गं अंगावर. छान वाटत होतं. मी बसूनच राहिले."

रुक्मिणीनं तिच्या अंगावरचे कपडे काढले, साबण लावून तिला डोक्यापासून आंघोळ घातली. लहान असताना घालायची तशी, पाटावर बसवून. फरक एवढाच की आता ते मोठं पोट दोघींच्या मध्ये होतं, आणि रुक्मिणीचा हात पुन्हा पुन्हा त्यावर येऊन थांबत होता. "हलता मा गो? हलता मा?" एवढंच ती विचारत होती. नीलमला नीट सांगता येईना. मग एकदम बाळानं आतून लाथ मारली, ती रुक्मिणीच्या तळव्याला लागली, आणि तिनं घाईनं लेकीच्या अंगावरचा साबण धुऊन काढला.

पुन्हा रिक्षा, पुन्हा बोट. बोटभर नीलम आईच्या मांडीवर डोकं ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत ओकत होती आणि लोक सरकून बसत होते. बोरिवलीच्या इस्पितळात तिला ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण रागावल्या असत्या तर बरं असं वाटेल इतक्या शांतपणे बोलल्या. बाळ ठीक आहे. आईही सुधारेल. पण परत असं होता कामा नये. जिथं हे मारतात तिथं हिला ठेवू नका.

नितेश आला तो धावतच आला. बायकोला बघून आला, बाहेर बाकावर सासूशेजारी बसला. ओरडेल, चार शब्द सुनावेल म्हणून रुक्मिणी मान खाली घालून तयार होती. तो नुसता म्हणाला, "आई, मी सांगितलं होतं ना." आणि तिचे हात आपल्या हातांत घेतले. तेच तिला सोसवेना.

इस्पितळातून नीलम परस्पर दिंडोशीला गेली. तिची बॅग न्यायला नितेशचा भाऊ येऊन गेला.

रुक्मिणी वाडीत गेली. चैतन्य झाडाखाली उभा राहून मोहोर बघत होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला. त्याला आळीतून कळलं होतं.

"काकी, मी मेसेज टाकला होता हो. बघा ना, आहे माझ्याकडे. टेम्पोला उशीर झाला, वारा सुटला, ते माझं चुकलं. पण मेसेज मी टाकला होता."

"औषध म्हणून टाकलंस."

"मग काय टाकणार? औषधच म्हणतात ना त्याला?"

"विष म्हणून टाकलं असतंस तर मी चेडवाक उन्हात बसवन गेलंय नसतंय."

रुक्मिणीनं तरी आयुष्यात त्या फवाऱ्याला दुसरं काय म्हटलं होतं? इनासबाबा औषद म्हणायचे, गावाला तिचा बाप अवशीद म्हणायचा, आणि डोकं दुखलं की कपाळाला लावतात तेही औषधच. भांडण्यासाठी ती वाटभर शब्द जुळवत आली होती आणि आता ते कुणाच्या अंगावर टाकावेत हेच तिला कळेना. पोराचे डोळे भरून आले होते. शेवटी तिनंच विचारलं, "अजून किती येळा मारतलंस?"

"मोहोराला एकदा. मग कैरी धरली की परत. मालकाला म्हटलं मी, कुंपणाची ओळ सोडू या. तो म्हणतो, एक झाड सोडलं तर कीड सगळीकडे जाईल."

"म्हंजे शिमग्यापर्यंत."

"शिमग्याच्या पुढेपर्यंत, काकी."

मग नुसते दिवस. रुक्मिणी भाजीला पाणी घालायची, जुड्या बांधायची, बोटीनं जायची-यायची. एकदा ती दिंडोशीला जाऊन आली. विहीणबाईंनी चहा दिला, बरं बोलल्या, पण दोन खोल्यांत नीलमला आईजवळ टेकायलाही जागा नव्हती. दीर अभ्यास करत होता, सासरे झोपले होते. माय-लेकी जिन्यात उभ्या राहून बोलल्या. राहते म्हणावं तर आडवं व्हायचं कुठं? परत येताना रुक्मिणीला वाटलं, आपण लेकीला भेटलो नाही, नुसती तिची चौकशी करून आलो. घरी आतल्या खोलीत गादी तशीच घातलेली होती. ती गुंडाळायला शिवदासनं हात लावला तर ती त्याच्यावर खेकसली. तिला लेक हवी होती. इतकी हवी होती की दुपारी एकटी असताना ती भांड्यांशी बोलल्यासारखी नीलमशी बोलायची, काय गो जेवतंस, म्हणून. आणि मग स्वतःच लाजायची.

वाडीत कैऱ्या धरल्या, आवळ्याएवढ्या झाल्या. होळी होऊन गेली. नीलमला नववा लागला होता.

संध्याकाळी चुलीपाशी असताना फोन आला. तो रुक्मिणीनंच उचलला.

"आई, मला घेऊन जा," नीलम म्हणाली. आवाजावरून ती रडून उठलेली होती. "मला इथं नाही व्हायचं बाळंत. रात्रभर झोप नाही गं. सासूबाई बोलत काही नाहीत, पण मला त्यांच्या समोर नीट कण्हताही येत नाही. मला तुझ्याकडेच यावंसं वाटतंय. औषध थांबलं ना आता?"

रुक्मिणीनं कुंपणाकडे पाहिलं. दुपारीच चैतन्य स्वतः येऊन, समोर उभा राहून, हातवारे करून सांगून गेला होता. परवा फवारणी. त्यानंतर पंधरा दिवसांनी आणखी एक, शेवटची. आता तो मेसेज टाकत नसे.

हे नीलमला माहीत नव्हतं. दिंडोशीत कुणालाच माहीत नव्हतं. थांबलं म्हटलं असतं तर उद्या या वेळी लेक या चुलीपाशी असती. ते 'थांबलं' रुक्मिणीच्या जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत आलं.

"नाय थांबला," ती म्हणाली. "परवा हा. मगे परत एकदा."

"मग मी त्या दिवशी दारंखिडक्या लावून आत बसेन. मावशीकडे जाईन. दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दारा लावून उपयोग नाय. मागच्या खेपेक मी लावलेलंय. फटीतसून वास इलो, दोन दिस ऱ्हवलो. पाण्यात येता, भाजयेर येता. येव नको तू."

"आई..."

"येव नको म्हणून सांगतंय मा तुका?"

मग नीलम म्हणाली, "सगळ्या मुलींच्या आया बोलावतात. आणि तू म्हणतेस येऊ नको. तूच म्हणतेस."

"व्हय. मीच म्हणतंय."

फोन बंद झाला. रुक्मिणी पिठाच्या हातानं तो धरून तशीच बसली. शिवदास बाहेरून आत आला होता, सगळं ऐकत उभा होता. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. नितेश होता, जिन्यातून बोलत असावा.

"आई, तुम्ही नाही म्हणालात ते बरं केलंत. माझं ऐकतच नव्हती. सकाळपासून बॅग भरून बसलीय. आता दारात स्टुलावर बसलीय, चपला घालून. उठ म्हटलं तर म्हणते, आई परत फोन करील. मला माहितेय, ती करील आणि ये म्हणेल."

"जेवला काय ता?"

"नाही."

"जेवक घाल तिका," रुक्मिणी म्हणाली आणि तिनंच फोन बंद केला.

मग तिनं पदरानं फोनवरचं पीठ पुसलं आणि तो नवऱ्यापुढे धरला. "ह्यो तुमच्याकडे ठेवा. मी मागूक लागलंय तरी माका देव नका. तिचो आवाज परत आयकलंय तर मी ये म्हणतलंय."

शिवदासनं फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि उंबऱ्यावर बसला. रुक्मिणीनं उरलेल्या भाकऱ्या थापल्या. तवा उतरवला, हात धुतले, ताटं घेतली. अंधार पडला होता. दिंडोशीत स्टुलावर बसलेल्या पोरीचे सुजलेले पाय चपलांत कसे दिसत असतील ते तिला ताट वाढता वाढता दिसत होतं. ती नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली.

शिवदासनं खिशावर पालथा हात ठेवला. तिनं पुन्हा मागितला. मग त्याच्या पाया पडल्यासारखी खाली बसून मागितला. तो रडत होता, पण त्यानं दिला नाही.